शहीद जवानाच्या पार्थिवावरील तिरंग्याचं पुढे काय होतं?

२९ नोव्हेंबर २०१६ रोजी जम्मूजवळच्या नगरोटा लष्करी तळावर दहशतवादी हल्ला झाला. त्यात सात जणांना वीरमरण आलं. महाराष्ट्राचे दोघे होते : पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी आणि नांदेड जिल्ह्यातील जानापुरीचे (ता. लोहा) लान्स नायक संभाजी कदम.

अशा वीरांचं पार्थिव तिरंग्यात गावी येतं. या तिरंग्याचे नियम भारतीय ध्वजसंहिता, २००२ मध्ये दिले आहेत. केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवतात. ध्वज चितेत जाळायचा नाही, कबरीत पुरायचा नाही. म्हणूनच बंदुकीच्या फैरी आणि बिगुलाच्या सुरांत मानवंदना होते, पण अग्नी देण्याआधी तिरंगा काढून, घडी करून कुटुंबाच्या हाती सोपवला जातो. जवान परतत नाही. त्याचा तिरंगा घरी राहतो.