सुलट टाका, उलट टाका आणि होजिअरीचं कापड



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता लेगिंग, टीशर्ट, बाळांची झबली शिवायला घेतात. कापड किलोवर मिळतं आणि दुकानदार ‘होजिअरी आहे’ एवढंच सांगतो. पण होजिअरी हे काही एकच कापड नव्हे. त्यातले प्रकार कसे जन्मले हे कळलं, तर हात लावून ते ओळखता येतात. म्हणून आज ही जुनी गोष्ट.

मराठीत मागावरच्या कामालाही ‘विणणं’ म्हणतो आणि स्वेटरच्या कामालाही. घोटाळा तिथेच होतो. सोलापूरच्या चादरीत उभा धागा वेगळा, आडवा वेगळा. स्वेटरमध्ये मात्र एकच धागा फासात फास अडकवत पुढे जातो, म्हणून तो ताणतो. ज्यांनी स्वेटर विणलाय त्यांना सुलट आणि उलट हे दोन टाके माहीत आहेत. बनियनपासून टीशर्टपर्यंतचं कापड याच दोन टाक्यांतून आलं.

चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडकडे पायमोजे हातानं विणणं हा गरीब घरांचा आधार होता. जर्सी नावाच्या बेटावर तर लोक विणण्यात इतके गुंतले, की कापणीच्या दिवसांत पंधरा वर्षांवरच्यांनी विणू नये, असा कायदा १६०८ साली करावा लागला. ‘जर्सी’ कापडाचं नाव त्या बेटावरून आलं.

त्याआधीच, १५८९ साली, नॉटिंगहॅमजवळच्या कॅलव्हर्टन गावातल्या विल्यम ली या धर्मगुरूनं मोजे विणायचं यंत्र बनवलं होतं. हातानं विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून एलिझाबेथ राणीनं त्याला परवाना नाकारला, असं सांगतात. ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. यंत्र मात्र राहिलं. त्याला फक्त साधी वीण यायची, पुढून सुलट आणि मागून उलट. आजचं सिंगल जर्सी म्हणजे तीच वीण. पुढे सुलट्या बाणासारखे टाके, मागे बारीक उंचवटे. कापलं की कडा गुंडाळते आणि एक टाका सुटला की शिडी पडते.

१७५९ च्या सुमारास जेडेडाया स्ट्रट यानं त्या यंत्राला सुयांची दुसरी रांग जोडली. मग एक सुलट, एक उलट अशा उभ्या रेघा आल्या. हे रिब. आडवं खूप ताणतं आणि परत जागेवर येतं, म्हणून गळ्याला आणि बाहीच्या टोकाला हेच लावायचं. दोन रिब एकमेकींत गुंतवल्या की इंटरलॉक होतं. ते दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आणि जाडसर असतं, कडा गुंडाळत नाही. झबल्यांना आम्ही हेच घेतो. पण वजन जास्त, म्हणजे किलोत मीटर कमी बसतात. दर ठरवताना हे विसरायचं नाही.

या यंत्रांवर घरंच्या घरं राबत. पुरुष यंत्रावर, मुलं धागा गुंडाळायला आणि बाया मोज्यांची शिवण घालायला. यंत्र बनवणाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत, शिवण घालणाऱ्यांची नाहीत. पुढे व्यापाऱ्यांनी रुंद यंत्रावर सपाट कापड विणून, ते कातरून स्वस्त मोजे शिवून घ्यायला सुरुवात केली. मोजे लवकर उसवत, धंद्याचं नाव खराब होई आणि मजुरीही पडली. १८११ साली कारागिरांनी रात्री शिरून यंत्रं फोडायला सुरुवात केली. सरकारनं १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. कवी बायरन त्याविरुद्ध संसदेत बोलला, पण कायदा झालाच.

आज आपण शिवतो ते टीशर्टही कातरूनच शिवलेले असतात. फरक एवढाच, की आता ओव्हरलॉकनं कड बांधता येते. साध्या टाक्यानं शिवलं तर कापड ताणतं, दोरा तुटतो आणि गिऱ्हाईक परत येतं. सुईही बॉल पॉइंटची घ्या. टोकदार सुई धागा कापते आणि तिथून भोक पडतं.

आणखी एक जात आहे. तिच्यात अनेक उभे धागे शेजारच्या धाग्यांत नागमोडी अडकवतात. मच्छरदाणीची जाळी पाहा. ती सहज उसवत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं जुन्या बनियनचा, टीशर्टच्या गळपट्टीचा आणि झबल्याचा एकेक तुकडा आणा. भिंग आम्ही आणतो.