कोयनेचें पाणी आणि दाभोळची खाडी

महोत्सवाच्या या स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराच्या उभारणीचा व दिवंगत धर्मगुरूंचा वृत्तांत इतरत्र आलाच आहे. आम्हीं मासळीचा विषय हातीं घेतला याचें वाचकांस नवल वाटेल. कारण सातारा व सांगली या जिल्ह्यांस ना समुद्र, ना खाडी. तथापि उपवासकाळ लागला कीं कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या मासळीची वाट आपल्याच घरांतून पाहिली जाते. तो घाट जेथें उतरतो तेथील दाभोळच्या खाडींत फाल्गुन-चैत्रांत जाळ्यास काय लागेल, हें गेलीं साठ वर्षें पुष्कळ अंशीं आपल्या कोयनेवर ठरत आलें आहे. घाटमाथ्यावर ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाहीं, म्हणून येथें लिहितों.

कोयना महाबळेश्वरीं उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याच्या कडेनें दक्षिणेस वाहते, हेळवाकपाशीं पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. तेथून सांगलीवरून तिचें पाणी थेट बंगालच्या उपसागरास जावें, हा तिचा अनादि मार्ग. त्याच कण्याच्या पलीकडे वासिष्ठी ही आंखूड व उतरती नदी चिपळुणावरून दाभोळपाशीं अरबी समुद्रास मिळते. वाटेंत खेडकडून आलेली जगबुडी तिला भेटते. भरतीचें पाणी चिपळुणाजवळील गोवळकोटपर्यंत चढतें, म्हणून पूर्वीं गलबतें तेथवर येत व माल बैलांवर लादून घाटानें कऱ्हाडाकडे जाई. दाभोळ हें बहामनी व विजापुरी अमदानींतील थोर बंदर. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज गव्हर्नर फ्रान्सिश्कु द आल्मेदा यानें तें लुटून जाळलें व रहिवाशांची कत्तल केली. तीं माणसें स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होतीं, हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. परंतु इतिहास लिहावयाचा तर तो पुरता लिहावा.

आतां खाडीच्या पाण्याविषयीं. पावसाळ्यांत डोंगराचें गोडें पाणी इतकें लोटतें कीं खार खाडीच्या मुखाकडे ढकलला जातो. आश्विनानंतर ओघ आटत जातो तसा खार एकेक पाऊल वर सरकतो, आणि फाल्गुनांत नदी सुकली म्हणजे तो खाडीच्या शेवटापर्यंत पोंचतो. खाऱ्याच्या या चढण्याबरोबर समुद्रांतील मासळी आंत शिरते. कोळंबीचीं पिलें मचूळ पाण्यांत वाढावयास येतात. तिसऱ्या व कालवें धरतात. पौर्णिमा-अमावास्येचें उधाण विषुवदिनाच्या सुमारास विशेष जोराचें असतें. येथें एक मौज सांगण्याजोगी आहे. २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारीं पुनरुत्थानाचा सण येतो, हा चर्चचा नियम सर्वांस ठाऊक आहे. अर्थात् पवित्र सप्ताह व चैत्राचें मोठें उधाण हीं बहुधा मागेंपुढें लागूनच येतात.

हा क्रम मनुष्यानें बदलला. घाटाच्या कड्यावरून कोयना पश्चिमेस सोडली तर वीज निघेल, ही कल्पना पहिल्या महायुद्धानंतर टाटांनीं तपासून पाहिली होती. १९२९ च्या आर्थिक मंदींत ती मागें पडली. स्वराज्य आल्यावर १९५४ सालीं काम सुरू झालें व १९६२ पासून पोफळीच्या वीजगृहांतून कोयनेचें पाणी वासिष्ठीच्या खोऱ्यांत उतरूं लागलें. शिवसागर जलाशयाखालीं पाटण व जावळी तालुक्यांतील अनेक गांवें गेलीं. त्यांतील माणसें कोठें कोठें पांगलीं, तो स्वतंत्र व दुःखद अध्याय आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पुढें कोळकेवाडीचें धरण होऊन तेंच पाणी दुसऱ्यांदां कामास लागलें. चौथ्या टप्प्यासाठीं १३ मार्च १९९९ रोजीं, म्हणजे ऐन उपवासकाळांत, जलाशयाच्या तळाखालील शेवटचा खडक सुरुंगानें उडविला गेला.

परिणाम असा कीं वासिष्ठी बारमाही झाली. ज्या महिन्यांत खाऱ्यानें वर चढावें त्याच महिन्यांत वरून गोडें पाणी येऊं लागलें, आणि तेंही एकसारखें नव्हे. विजेची मागणी सकाळ-संध्याकाळ वाढते तेव्हां यंत्रें फिरतात व पाण्याचा लोंढा सुटतो. मागणी उतरली कीं ओघ ओसरतो. गोडें पाणी हलकें, तें वर तरंगतें; खारें जड, तें तळाशीं राहतें. बोय मासा दोहोंत सुखानें नांदतो. जिताडाही नांदतो. तिसऱ्यांना मात्र पळतां येत नाहीं. पाणी गोडें झालें कीं त्या शिंपा मिटून बसतात, आणि तें फार दिवस गोडें राहिलें तर मरतात. मिसर देशांत आस्वानच्या धरणानें १९६४ पासून नाईलचा पूर अडविला तेव्हां मुखाबाहेरील सार्डिन मासळी बसली. तेथें पाणी उणें झालें, येथें अवेळीं अधिक झालें. बरें, गोडें पाणी सर्वस्वीं वैरीच आहे असेंही नाहीं. लोटे-परशुराम येथें कारखान्यांची वसाहत झाल्यापासून सांडपाण्यानें मासे मेल्याची तक्रार खाडीकांठचे भोई वारंवार करीत आले आहेत. वाहतें पाणी त्या घाणीस पातळ तरी करतें.

पश्चिमेस किती पाणी सोडावें याचा निवाडा कृष्णा पाणीतंटा लवादानें केला. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निवाड्यानें वर्षास ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. म्हणजे दिवसाची सरासरी सुमारें ५२० कोटी लिटर! हिशेबाचें वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत. त्यामुळें शिल्लक मोजण्याची घाई फाल्गुन-चैत्रांतच होते. त्याच वेळीं ताकारी, म्हैसाळ व टेंभू या योजनांस कृष्णेंत पाणी हवें असतें. पाऊस कमी झाला कीं सांगलीकडून ओरड उठते कीं पश्चिमेस गेलेलें पाणी समुद्रांत फुकट गेलें. तहानलेल्या शिवाराचें गाऱ्हाणें खोटें नाहीं. आमच्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबें त्याच पाण्यावर शेती करतात. पण "फुकट" हा शब्द आम्हांस खटकतो. लवादापुढें पक्षकार होतीं तीं राज्यें. जाळें टाकणारा भोई व दालदी तेथें कोणाच्या यादींत नव्हता. पाणी अधिक सुटलें तर त्याच्या तिसऱ्या जातात, अजिबात थांबलें तर सांडपाणी साचतें.

पाणी किती, हा तंटा आपल्या हयातींत मिटेल असें आम्हांस दिसत नाहीं. परंतु तें केव्हां सुटणार हें भरती-ओहोटीच्या वेळांबरोबर खाडीकांठच्या गांवांस आठवडाभर आधीं कळविणें, यास कोणत्याही लवादाची गरज नाहीं.