खूणगाठ ते यादी: आपल्या घरातल्या याद्यांचा इतिहास



एखादी गोष्ट पक्की लक्षात ठेवायची असली की मराठीत म्हणतात, "मनाशी खूणगाठ बांधली." आपल्या आज्या ही गाठ खरोखरच बांधायच्या, पदराला. एक गाठ म्हणजे एक काम. काम झालं की गाठ सुटायची. दुधाचा हिशेब चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवला जायचा. अक्षरओळख नसलेल्या बाईचीही यादी होती, फक्त ती कागदावर नव्हती.

पुढे कागद आला, आणि आपल्या पिढीत कालनिर्णय आलं. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केलं. त्यांनी तारखांचे चौकोन तिथी, सण आणि मुहूर्तासाठी आखले असतील. बायकांनी त्यात दूध किती लिटर, सिलिंडर कधी लावला, कामवालीचा खाडा, पापडाच्या पिठाला दिलेले पैसे, असं सगळं बसवलं. एका घराचा वर्षभराचा कारभार त्या बारा पानांवर असायचा. आणि जानेवारी लागला की ती पानं रद्दीत. दुकानाच्या वह्या मात्र लाल कापडात बांधून पन्नास-पन्नास वर्षं माळ्यावर जपल्या जातात. म्हणून व्यापाराचा इतिहास लिहिता येतो आणि स्वयंपाकघराचा लिहायचा म्हटलं तर हाताशी काहीच नसतं.

मी कॉमर्सची पदवीधर. लग्न होऊन जालन्याला आले तेव्हा सासऱ्यांची मोंढ्यात आडत होती. तिथला रोजमेळ मला फार आवडायचा. सकाळची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचं नावे, संध्याकाळची शिल्लक. मेळ बसल्याशिवाय दुकानाला कुलूप लागत नसे. आणि एकदा मेळ बसला की मग कितीही गिऱ्हाईक येवो, ते उद्याचं.

घराला असं कुलूप लागत नाही. माझी सून नोकरी करते, तिची यादी मोबाइलमध्ये असते. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला ओट्याशी उभी राहून ती म्हणाली, "मम्मी, पाच कामं पुसली की सात नवीन येतात. ही यादी संपतच नाही." ती चिडून नाही बोलली, थकून बोलली. तिचं सामायिक तीन आठवड्यांपासून राहत होतं, तेही त्याच यादीत लिहिलेलं होतं, सगळ्यात खाली. मला तिला लगेच उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला. यादी पहिल्यापासूनच अशी न संपणारी होती का?

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. उत्तर आपल्याच आगमात आहे.

सातवं अंग म्हणजे उपासकदशांग सूत्र. त्यात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत. पहिला आनंद श्रावक, वैशालीजवळच्या वाणिज्यग्रामाचा. त्याची संपत्ती सूत्रात अगदी ताळेबंदासारखी दिली आहे. चार कोटी सोनं कोषात, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरच्या पसाऱ्यात. दहा हजार गाईंचा एक कळप, असे चार कळप. भगवंतांपुढे बारा व्रतं घेताना या माणसाने एक यादी सांगितली. पाचशे नांगरांपुरती जमीन. पाचशे गाड्या लांबच्या वाटेला, पाचशे जवळच्या कामाला. मग तो घरात शिरतो. अंग पुसायला एकच प्रकारचं वस्त्र. दातण फक्त ओल्या ज्येष्ठमधाचं. अंघोळीला आठ घडे पाणी, जास्त नाही. नेसायला सुती वस्त्रांची जोडी. मिठाईत घेवर आणि खाजा. भात कलम जातीच्या साळीचा. तूप शरद ऋतूतलं, गाईचं. पाणी पावसाचं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच गोष्ट येते, ती अशी की याखेरीज बाकी सगळ्याचा त्याग.

एक वाणी, त्याची वाणसामानाची यादी, आणि यादीच्या खाली ओढलेली रेघ. श्रावक प्रतिक्रमण करणाऱ्या आपल्या सगळ्यांना सातव्या व्रताचे २६ बोल पाठ असतात. अंगपुसण्यापासून मुखवासापर्यंतचे पहिले २१ बोल म्हणजे ही आनंद श्रावकाचीच यादी. पुढे त्यात वाहन, पादत्राण, शयन, सचित्त आणि द्रव्य हे पाच आहेत. आपण संध्याकाळी ते भराभर म्हणून टाकतो. पण ती एका घराची यादी आहे हे लक्षात ठेवून एकदा सावकाश म्हणून बघा.

आणखी एक गोष्ट. आनंद घरी आला आणि त्याने पत्नीला, शिवानंदेला, सगळं सांगितलं. ती स्वतः रथात बसून भगवंतांकडे गेली आणि तिने स्वतःच्या तोंडाने बारा व्रतं घेतली. नवऱ्याने घेतली म्हणजे घराने घेतली, असं तिथे झालं नाही.

हे सगळं टिकलं कसं? आगम कितीतरी शतकं मुखोद्गत होते. वीर निर्वाणानंतर सुमारे ९८० वर्षांनी वल्लभीला देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या देखरेखीखाली ते ग्रंथारूढ झाले. तोवर साधू-साध्वींनी जे लक्षात ठेवलं, ते मोठ्या प्रमाणात याद्यांच्या आधाराने. ठाणांग सूत्राची रचनाच बघा ना. पहिल्या ठाण्यात एक-एक असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात दोन-दोन, असं दहापर्यंत. पाच महाव्रतं, सहा आवश्यक, नऊ तत्त्वं, बारा भावना हे सगळं आपण आजही आकड्यावरच लक्षात ठेवतो. पदराच्या गाठी आणि हे आकडे, दोन्हींचं काम एकच.

आनंद श्रावकाची यादी जन्मभराची होती. रोजच्या दिवसाची यादी म्हणजे आपले चौदा नियम. सचित्त, द्रव्य, विगय, पादत्राण, तांबूल, वस्त्र, कुसुम, वाहन, शयन, विलेपन, ब्रह्मचर्य, दिशा, स्नान, भोजन. सकाळी धारायचे: आज इतके पदार्थ, इतक्या विगय, इतके कपडे, अमुक दिशेला इतक्या अंतरापर्यंतच जाणं. संध्याकाळी मोजायचे, आणि रात्रीसाठी नव्याने धारायचे. दहाव्या देशावकाशिक व्रताचं हे रोजचं रूप. कॉमर्सवालीला यात रोजमेळ दिसतो. सकाळची शिल्लक, संध्याकाळचा मेळ. प्रतिक्रमण झालं की दिवसाला कुलूप.

आता आपल्या जिल्ह्यातली दुसरी यादी. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, जन्म १६०८ सालचा. संप्रदाय वेगळा, पण गाव आपल्याच जिल्ह्यातलं, आणि शाळेत आपण सगळ्याच मनाचे श्लोक म्हणत मोठ्या झालो. दासबोधात वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण दोनशे. मूर्खाची लक्षणं, पढतमूर्खाची लक्षणं, अशा याद्या त्यात आहेतच. पण अकराव्या दशकात त्यांनी साध्या प्रपंची माणसाचा दिवस ओळीने लावून दिला आहे. पहाटे उठून पाठांतर, देवाचं स्मरण, मग शौचाला लांब जाणं, आणि येताना रिकाम्या हाताने न येता काहीतरी घेऊन येणं. नंतर पूजा, आपला उद्योग, जेवण, जेवणानंतर वाचन आणि चर्चा. एकही क्षण रिकामा न जाऊ देणं हे ते भाग्यवंताचं लक्षण मानतात.

वाचताना वाटतं, हे आपल्या आगमाच्या उलट झालं. आनंद श्रावक काय सोडायचं ते सांगतो, समर्थ काय करायचं ते सांगतात. पण समर्थांच्या दिवसातही पाठांतर आणि स्मरण पहिल्या ओळीत आहे, उरलेल्या वेळात नाही. कामं त्याच्यामागून येतात. सुनेच्या यादीत सामायिक सगळ्यात खाली होतं, ते मला तेव्हा आठवलं.

समर्थांच्या जन्मानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १७०६ साली, अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन जन्मले. छापखानेवाले, पुढे मोठे मुत्सद्दी. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की तरुणपणी त्यांनी एक छोटी वही केली होती. त्यात तेरा गुण आडव्या ओळींत आणि आठवड्याचे सात वार उभ्या रकान्यांत. ज्या गुणात चूक होई त्या चौकोनात काळा ठिपका. एका आठवड्यात एका गुणाकडे खास लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. त्यांच्या दिवसाच्या तक्त्यात सकाळी स्वतःला विचारायचं की आज कोणतं चांगलं काम करू, आणि संध्याकाळी विचारायचं की आज कोणतं केलं. सकाळी धारणा, संध्याकाळी तपासणी. त्यांना चौदा नियम ठाऊक असण्याचं कारण नाही, पण वाट तीच सापडली. तेरा गुणांत त्यांना सगळ्यात जड गेला तो टापटिपीचा, म्हणजे प्रत्येक वस्तू जागेवर आणि प्रत्येक काम वेळेवर. हे वाचून मला बरं वाटलं. मोठमोठ्यांच्या घरातही कपाट उघडलं की सामान अंगावर पडत असेल.

विसाव्या शतकात यादी जीव वाचवायला लागली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचं एक नवं मोठं विमान चाचणीच्या वेळी उडताच कोसळलं आणि दोघांचा जीव गेला. यंत्रात बिघाड नव्हता. शेपटीकडची कळ सोडायची राहिली होती. वैमानिक अतिशय अनुभवी होता. तेव्हापासून उड्डाणाआधी यादी वाचायची रीत पडली. तीच रीत शस्त्रक्रियेत आणण्यात पुढाकार होता डॉ. अतुल गावंडे यांचा. बोस्टनचे सर्जन, वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली १९ मुद्द्यांची यादी काढली. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं.

त्या यादीत नवी विद्या काहीच नाही. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, औषधाची ॲलर्जी आहे का, आत काही राहिलं नाही ना. पण तिच्यात तीन ठिकाणी सगळ्यांनी हात थांबवायचा असतो: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी. ते थांबणं हेच तिचं बळ आहे.

तर सुनेच्या प्रश्नाचं उत्तर मला असं सापडलं. यादी न संपणारी नव्हती. आनंद श्रावकाच्या यादीखाली रेघ होती, चौदा नियमांना संध्याकाळ होती, मोंढ्यातल्या रोजमेळाला कुलूप होतं, शस्त्रक्रियेच्या यादीत तीन थांबे आहेत. आपल्या हातातल्या मोबाइलने कामं लिहायची सोय दिली आणि रेघ काढून घेतली. त्यातून घरातल्या बाईच्या यादीत सगळ्यांची कामं येऊन पडतात: मुलाची फी, सासऱ्यांची गोळी, गच्चीवरच्या टाकीचा कॉक. जिच्या हातात यादी, तिच्याच डोक्यावर घर.

आमच्या घरी आता काय करतो ते सांगते. सकाळी नियम धारताना कामांचाही आकडा धरतो. सुनेचा सहा, माझा पाच. त्याच्या वर सामायिक, पहिल्या ओळीत, कारण दिवसाच्या तीस मुहूर्तांतला तो एकच मुहूर्त, ४८ मिनिटं. सातवं काम आलं तर ते उद्याच्या पानावर जातं, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावाने. हो, यादीत आता नावं असतात. टाकीचा कॉक मुलाच्या नावे आहे. तीन दिवस तो तसाच ठिबकतोय आणि आम्ही दोघींनी हात लावलेला नाही. अप्कायाची विराधना होते म्हणून मी त्याच्या पच्चक्खाणात एक विगय वाढवून देईन असं सांगितलंय.

संध्याकाळी प्रतिक्रमणाआधी यादी बघतो आणि खाली रेघ ओढतो. राहिलेलं काम रेघेखाली जात नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने लिहायचं. आणि लिहावंसं वाटलं नाही तर ते काम नव्हतंच.

चातुर्मासात आपण काही ना काही नियम घेतोच. यंदा यादीचा आकडा धरायचा एक नियम घेऊन बघा. आणि जुन्या कॅलेंडरांची पानं रद्दीत टाकण्याआधी एखादं वर्ष तरी ठेवून द्या, दुकानाच्या वहीशेजारी, त्याच लाल कापडात.