वही, वेस आणि कवडी

दिवाळीच्या चार दिवसांत आपण दोन परस्परविरुद्ध गोष्टी करतो, आणि त्यांत काही विपरीत आहे असे कुणालाच वाटत नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वहीवर गंध-फूल वाहतो. वही म्हणजे घेतल्या-दिल्याची साक्ष. तिच्यात खोटे लिहू नये, हा त्या पूजेचा अर्थ. आणि त्यामागोमाग येणाऱ्या पाडव्याला जुनी माणसे 'द्यूतप्रतिपदा' म्हणतात. त्या दिवशी शंकर-पार्वतीही फासे टाकीत बसली होती म्हणे! एका हाताने वही पुजायची आणि दुसऱ्या हाताने पट मांडायचा. कवडीचेही असेच. एके काळी ती बाजारात नाणे म्हणून चाले आणि घरी पटावर दान सांगे. पण बाजार बाजाराच्या जागी होता व पट पटाच्या जागी, म्हणून संसार शाबूत राहिले.

वही आणि पट एकच झाले तर काय होईल, हा प्रश्न मला मागच्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने घातला. दर्यापूरकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. पुण्यास संगणक शिकला आणि दोन मित्रांना हाताशी धरून त्याने एक खेळ तयार केला. भांडवल म्हणून वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे दिले होते. एके दिवशी तो अमरावतीस माझ्या घरी आला आणि चहाचा कप तसाच ठेवून म्हणाला, "सर, आपला माल त्यायनं वेशीतूनच वापस पाठवला!"

वाचकहो, हा माल कसला, हे मलाही त्याच्याकडून दोनदा समजून घ्यावे लागले. त्या खेळात तलवारी असतात, घोडे असतात, जमिनीचे तुकडे असतात. खेळणारा ते पैसे देऊन घेतो. एरवी अशा वस्तूंची नोंद खेळ काढणाऱ्या कंपनीच्या दप्तरी असते. कंपनी उठली की तलवारही गेली. या नव्या खेळात ती नोंद 'ब्लॉकचेन' नावाच्या वहीत होते. या वहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात, आणि प्रत्येक पान मागच्या पानाशी असे शिवलेले असते की, मधली एक ओळ कुणी खोडली तर सर्वांना कळते. म्हणून ती तलवार खेळणाऱ्याची; त्याने ती वाटेल त्याला, वाटेल त्या भावाने विकावी. खेळ एकीकडे, व्यापार एकीकडे, असे तेथे उरतच नाही.

आणि वेस म्हणजे 'स्टीम'. अमेरिकेतील व्हाल्व्ह कंपनीने २००३ साली सुरू केलेले हे दुकान संगणकावरील खेळांची जगातली सर्वांत मोठी पेठ आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने नियम केला की, आभासी चलन किंवा अशा वस्तू देणारे वा त्यांची अदलाबदल करू देणारे ब्लॉकचेनवरचे खेळ येथे विकायला ठेवता येणार नाहीत.

"पण काऊन सर? आमची वही तर सगळ्यात खरी!" त्याने विचारले. त्याचे उत्तर मी अमेरिकेत नव्हे, आपल्या वऱ्हाडातच शोधले.

माझे आजोबा अकोल्याच्या एका अडतीवर दिवाणजी होते. कापसाच्या बाजाराच्या जुन्या गोष्टी ते रंगवून सांगत. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आपल्या काळ्या मातीकडे मोर्चा वळवला. १८६७ पर्यंत मुंबईची आगगाडी अकोला, बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. तारेने परदेशचे भाव येऊ लागले. पण बंडी घेऊन आलेल्या कुणब्याला त्यांतले काय कळणार? दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवीत. कुणब्याचाच माल आणि त्यालाच भाव ऐकू येत नसे. मग बट्टा, धर्मादाय, हमाली अशा नावांनी रक्कम कातरली जाई. अडत्याच्या वहीत हे सारे अगदी नीट लिहिलेले असे. आजोबा म्हणत, "वही खोटी नसायची रे, माप खोटं असायचं."

यावर इलाज म्हणून १८८६ साली वऱ्हाडातल्या कारंजा येथे नियमांनी बांधलेला कापूसबाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला तो असा पहिला बाजार मानतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. बाजाराला हद्द आली, समिती आली. दलाल आणि मापारी परवान्याचे झाले. कुणी यावे, कसे तोलावे, किती कापावे हे ठरले. बाजाराला वेस असावी लागते, हे वऱ्हाड तेव्हाच शिकले.

परंतु त्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती. ज्याचा कापूस, त्या शेतकऱ्याला मात्र जागा नव्हती. माप सुधारले, पण माप कुणाच्या हाती, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे राहिला.

कापसाने आणखी एक धडा दिला. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते व बंद भाव तारेने मुंबईस येत, आणि ज्यांनी सरकीही पाहिली नव्हती असे लोक त्या आकड्यांवर पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले. पण जुगार थांबला का? १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी मुंबईत आपापला आकडा सुरू केला. त्याचाच 'मटका' झाला. कापूस गेला, भाव गेला, नुसता आकडा उरला! व्यापाराचा जुगार कसा होतो, हे यापरते कुणी सांगायला नको.

आता पुन्हा त्या नव्या पेठेकडे वळू. व्हाल्व्हचे प्रमुख गेब नेवेल यांनी २०२२ साली आपला अनुभव सांगितला. त्यांच्या दुकानाने २०१६-१७ मध्ये बिटकॉइन घेऊन पाहिले, तर निम्मे व्यवहार फसवणुकीचे निघाले. खेळांतले उदाहरण व्हिएतनामी कंपनीच्या 'अॅक्सी इन्फिनिटी'चे. २०२१ साली फिलिपिन्समधील कितीतरी गरीब कुटुंबे त्या खेळातल्या कमाईवर चूल पेटवू लागली होती. पुढच्याच वर्षी त्यातले नाणे मातीमोल झाले, आणि मार्च २०२२ मध्ये चोरांनी त्या खेळाच्या तिजोरीतून साठ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम लांबवली. प्रत्येक चोरी त्या वहीत बिनचूक नोंदली गेली! वही खरीच होती.

मात्र वेशीवरचा पाटीलही काही संत नव्हे. स्टीमच्या स्वतःच्या बाजारात खेळातल्या बंदुकांची रंगीत वेष्टने खुशाल विकली जातात, आणि दर विक्रीत दुकानाची दलाली कापली जाते. तो पैसा दुकानाच्याच खात्यात फिरतो, बाहेर काढता येत नाही. नव्या वहीत मात्र सौदा दुकानाला वळसा घालून होतो. नकारामागे ग्राहकाची काळजी किती आणि दलालीची किती, हे ज्याचे त्याने ताडावे. शेजारच्या 'एपिक' दुकानाने वेगळी वाट धरली. कायदा पाळा, अटी उघड सांगा, वयाची मर्यादा लिहा आणि या, असे त्याने म्हटले. सप्टेंबर २०२२ मध्ये 'ब्लँकोस ब्लॉक पार्टी' हा असा पहिला खेळ तेथे लागला. दोन वेशी, दोन नियम. आणि दोन्हीकडे खेळणाऱ्याला विचारले कुणीच नाही. कारंज्याच्या समितीत कुणबी नव्हता, तसाच हा.

आपल्या सरकारनेही आपली वेस बांधली आहे. एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर शेकडा तीस कर लागला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा झाला. त्यात पैशात बदलता येणारी टोकनेही पैशासारखीच धरली आहेत.

हे सारे सांगून मी त्या मुलाला म्हणालो, "बाबू, तुझी वही माल कुणाचा ते सांगते; माल किती मोलाचा ते सांगत नाही. ते माप कोण करणार? नि तुझ्या गिऱ्हाइकानं चुकाऱ्याचे पैसे लावले अन् भाव पडला, तर तो कुणाकडं जाणार?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, पहिले गिऱ्हाईक तर आमचे बाबाच होते." खेळ चालावा म्हणून त्या माणसाने मुलाच्या खेळातले शेत मुलाकडूनच विकत घेतले होते, घरचे चार एकर काळे शेत असताना! मला काय बोलावे सुचेना.

गणपतीत त्याचा फोन आला. खरेदी-विक्रीचा भाग त्याने काढून टाकला आहे. खेळ आता नुसता खेळ आहे, आणि तसा तो कोणत्याही दुकानात जाऊ शकेल. चालेल की नाही, देव जाणे. बाबांचे पैसे अजून फिटायचे आहेत.

तेव्हा वाचकहो, यंदाही वही पुजा आणि पाडव्याला पोराबाळांसह पटही मांडा. फक्त पट उचलल्यावर कवड्या डब्यात गेल्या की नाही, तेवढे घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहावे.