मार्सेयमधला एक रिकामा दिवस आणि बाबासाहेबांची बोट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथे मी अडखळलो, तिथे थोडी साफसफाई केली आहे, बाकी तसंच ठेवलंय.

मागचा भाग उशिरा आला, कारण मी सुट्टीवर होतो. पप्पा रिटायर झाले आणि मी ठरवलं की यांना एकदा समुद्रातून फिरवून आणायचं. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीतून क्रूझवर जाणारं बहुधा पहिलंच कुटुंब आमचं. बोट सुटणार होती फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातून. क्रूझचा एक साधा नियम असतो: बोट कुणासाठी थांबत नाही. विमान लेट झालं, बॅग हरवली, काहीही होवो, ती वेळेवर सुटते. म्हणून आदल्या दिवशीच पोचायचं. त्यामुळे आमच्या हातात मार्सेयचा एक अख्खा रिकामा दिवस आला. ना तिकिटं काढलेली, ना गाइड. आई-पप्पांचे गुडघे सांभाळत, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत घेऊन जमेल तेवढं फिरायचं, एवढाच प्लॅन.

मार्सेय म्हणजे आपल्या पुस्तकांतलं मार्सेलिस. नाव ऐकलं की मराठी माणसाला पहिली आठवते ती सावरकरांची उडी. ८ जुलै १९१०. मोरिया नावाच्या बोटीतून त्यांना कैदी म्हणून भारतात आणत होते. इथे बोट थांबली असताना ते पोर्टहोलमधून निसटले, पोहत किनाऱ्याला लागले, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत इंग्रजांच्या ताब्यात दिलं. फ्रान्सच्या जमिनीवरचा माणूस असा परत देता येतो का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला. २४ फेब्रुवारी १९११ला निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. ही गोष्ट शाळेतच आपल्या कानावर येते.

पण आमचे पप्पा सकाळी जुन्या बंदराच्या कठड्यावर बसून भलतंच बोलले. म्हणाले, "बाबासाहेबपण इथूनच बोटीत बसले होते. माहितीये का तुला?"

मला माहीत नव्हतं. पप्पा मिलिंद कॉलेजचे. त्यांनी धनंजय कीरांचं आंबेडकर चरित्र कॉलेजात असताना वाचलेलं. मी तिथेच फोनवर शोधायला लागलो आणि मग तो सगळा दिवस त्या गोष्टीच्या मागे गेला.

गोष्ट आहे १९१७ची. बाबासाहेब तेव्हा २६ वर्षांचे. म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. १९१३ला ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ला तिथून लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी नाव घातलं. अभ्यास रंगात आलेला असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. करार असा होता की शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली आणि निघाले.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. फेब्रुवारी १९१७पासून जर्मनीने पाणबुड्यांना मोकळीक दिली होती: शत्रूच्या बंदराकडे जाणारं जहाज दिसलं की बुडवायचं, मग ते मालाचं असो की माणसांचं. बाबासाहेबांनी सामान थॉमस कुक कंपनीमार्फत विमा उतरवून वेगळ्या बोटीने पाठवलं. त्यात त्यांची पुस्तकं होती. स्वतः ते फ्रान्समध्ये बूलोनला उतरून आगगाडीने मार्सेयला आले आणि इथे 'कैसर-ए-हिंद' नावाच्या बोटीत चढले. हा त्या काळातला नेहमीचा मार्ग होता. इंग्लंडहून मुंबईला जाणारे बरेच प्रवासी फ्रान्स गाडीने ओलांडायचे आणि मार्सेयला बोट पकडायचे. स्पेनला वळसा घालायचे दिवस वाचायचे.

म्हणजे आम्ही जे करत होतो, तेच. बोटीच्या आधीचं मार्सेय.

मग मी एक खेळ सुरू केला. समोर जे दिसतंय त्यातून १९१७ नंतरचं वजा करायचं. बंदराच्या काठावर एक मोठं आरशाचं छत आहे, खालून चालताना आपण वर उलटे दिसतो. आई तिथे दहा मिनिटं फोटो काढत होती. ते २०१३चं, म्हणून वजा. सां-शार्ल स्टेशनसमोरचा १०४ पायऱ्यांचा भव्य जिना १९२७चा, तोही वजा. स्टेशन मात्र १८४८चं आहे, म्हणून ते राहिलं. टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द, सोनेरी मूर्तीचं चर्च, १८६४पासून आहे. दुरून येणाऱ्या खलाशाला सगळ्यात आधी तेच दिसतं. ला जोलिएत धक्क्यावरची जुनी गोदामांची इमारतही राहिली. तिची लांबी ३६५ मीटर आणि दरवाजे ५२, म्हणजे वर्षाचे दिवस आणि आठवडे. आज तिथे दुकानं आणि ऑफिसं आहेत.

आणि काही गोष्टी उलट मिळवाव्या लागतात. जुन्या बंदराच्या तोंडावर १९०५पासून एक उंच लोखंडी पूल होता. त्याच्याखाली दोरांना टांगलेल्या पाळण्यातून माणसं आणि गाड्या या काठावरून त्या काठावर जायच्या. १९४४ला माघार घेताना जर्मनांनी तो उडवला. बंदराला लागून असलेली जुनी वस्ती त्यांनी त्याआधीच, १९४३ला, सुरुंग लावून पाडली होती. १९१७मध्ये हे सगळं उभं होतं आणि धक्के सैनिकांनी भरलेले होते. आपले हिंदी सैनिकसुद्धा १९१४च्या सप्टेंबरात याच बंदरात उतरले होते.

दुपारी आम्ही ल पानिए नावाच्या जुन्या मोहल्ल्यात चढलो. अरुंद गल्ल्या, वाळत घातलेले कपडे, साबणाची दुकानं. ऊन कडक. एका चौकात सार्वजनिक नळ होता. आईने ओंजळीने पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, पदराने पुसलं. बाजूच्या बाकावरच्या एका फ्रेंच आजीने हसून हातानेच "प्या, प्या" अशी खूण केली. बस, एवढंच.

पप्पा तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "दौलताबादचा हौद माहितीये ना?"

आता इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट आपल्या शहराची आहे. बाबासाहेबांनी एक छोटं आत्मकथन इंग्रजीत लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात १९३४चा एक प्रसंग आहे. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, सगळे मिळून तीसेक जण, वेरूळची लेणी बघायला निघाले होते. त्रास नको म्हणून आपण कोण आहोत हे त्यांनी जाहीर केलं नव्हतं. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. दरवाज्याजवळ पाण्याचा हौद होता, त्यात काहींनी हातपाय-तोंड धुतलं. थोड्याच वेळात तिथले मुस्लिम रहिवासी ओरडत जमले: यांनी हौद बाटवला. शिवीगाळ झाली, मारामारीची वेळ आली. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला तो एका धर्माला दोष द्यायला नाही. त्याच पुस्तकात हिंदू आहेत, पारशी आहेत, ख्रिश्चन आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की जो हिंदूंसाठी अस्पृश्य, तो या देशात इतरांसाठीही अस्पृश्यच ठरतो.

त्या किल्ल्यावर माझी शाळेची सहल तीनदा गेलीय. भुलभुलैया, मेंढा तोफ, चांद मिनार, सगळं पाठ. हौदाची गोष्ट कुणी सांगितली नाही. गारखेड्यातून गाडीने अर्धा-पाऊण तास. आणि ती मला ऐकायला मिळाली मार्सेयच्या नळावर.

तर परत १९१७ला येऊ. बोट कोलंबोमार्गे २१ ऑगस्टला मुंबईला पोचली. सामानाची बोट मात्र पोचलीच नाही. जर्मन पाणबुडीने ती बुडवली. लंडनमध्ये जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली. आपण लॅपटॉप बिघडला तर क्लाउडवरून सगळं परत घेतो. इथे बॅकअप नव्हता. कीर लिहितात की नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, आणि त्यांतूनच बडोद्याला नोकरीवर जायचा खर्च निघाला.

आणि बडोद्यात काय झालं? कोलंबियात शिकलेल्या, संस्थानाच्या अधिकारपदावर आलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, खोटं पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया भाडं ठरवून ते राहिले. दुसरं कुणी प्रवासी नव्हतं. रात्री एका मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात, अडगळीने भरलेल्या दालनात एकटेच पुस्तक वाचत बसायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन डझनभर माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत निघायला सांगून गेली. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिश्चन मित्र होता. दोघांनाही विचारून झालं. दोघांच्याही घरात जागा झाली नाही.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास कुठे काढायचे? ते कमाटी बागेत जाऊन बसले. सामान घेऊन, गाडीची वाट बघत.

मी संध्याकाळी मार्सेयच्या धक्क्यावर बसलो होतो, तेव्हा मला सारखे ते पाच तास आठवत होते. वाट बघणं हे बाहेरून सारखंच दिसतं. एक तरुण, एक बॅग, हातात वेळ. काही आठवड्यांपूर्वी तो फ्रान्समध्ये बोटीत चढला होता, तिथली भाषा त्याची नव्हती, युद्ध चालू होतं, तरी तिथे जात विचारणारं कुणी नव्हतं. आणि बडोद्यात तो आपल्या देशात होता. त्यांनी स्वतःच लिहिलंय की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत, हे मनातून पुसलंच गेलं होतं. बडोद्याच्या स्टेशनवर उतरल्यावर ते परत आठवलं. अठरा वर्षांनी हे लिहितानाही त्या दिवसाच्या आठवणीने त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं.

आम्हाला व्हिसा मिळायला सहा आठवडे लागले. पगाराच्या स्लिपा, बँकेचे कागद, बोटांचे ठसे. मी खूप चिडचिड केली. पण ती चिडचिड दुसऱ्याच्या देशात जाण्यासाठी होती. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे नाव त्या पुस्तकाला का शोभतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. पुस्तकात परदेशी वकिलात कुठेच नाही. सगळे दरवाजे आपल्याच देशातले आहेत: गोरेगावची बैलगाडी, बडोद्याची धर्मशाळा, दौलताबादचा हौद.

माझे आजोबा पैठण तालुक्यातल्या एका गावचे. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नव्हतं. त्यांनी पप्पांना औरंगाबादला पाठवलं, कारण तिथे बाबासाहेबांचं कॉलेज होतं. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९५०ला सुरू केलं, १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे त्याला नाव मिळालं मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद म्हणजे राजा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, वंशाने ग्रीक. भिक्खू नागसेनाला तो प्रश्न विचारत राहिला आणि पटेपर्यंत थांबला नाही. गंमत बघा, मार्सेय शहरही ग्रीकांनीच वसवलेलं, इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या पप्पांचं कॉलेज आणि हे गाव एकाच भावकीचं निघालं."

हौदाच्या प्रसंगानंतर सोळा वर्षांनी, त्या किल्ल्यापासून पंधराएक किलोमीटरवर, बाबासाहेबांनी हे कॉलेज उभं केलं. जिथे पाण्याला हात लावू दिला नाही, त्याच भागात. त्या कॉलेजातून पप्पा ग्रॅज्युएट झाले, मी बीटेक झालो, आणि आईने मार्सेयच्या नळाचं पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बोटीत चढलो. बोट सुटताना पप्पा डेकवर उभे होते, ते सोनेरी मूर्तीचं चर्च लहान होईपर्यंत. मग म्हणाले, "चल, चहा बघू कुठे मिळतो."

तुम्हाला एक काम देतो. पुढच्या वेळी पाहुण्यांना वेरूळला घेऊन जाल, तेव्हा दौलताबादला थांबा. भुलभुलैया दाखवाच. पण आत शिरायच्या आधी, दरवाज्यापाशी, ही हौदाची गोष्ट पण सांगा. दोन मिनिटं लागतात.

भेटू पुढच्या भागात. जय भीम.