पुढे फेकलेला चेंडू

५ सप्टेंबर १९०६ रोजी विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा गावात सेंट लुइस विद्यापीठाचा संघ कॅरल कॉलेजविरुद्ध उतरला. ब्रॅडबरी रॉबिन्सनने चेंडू हातात घेतला आणि पुढे पळालेल्या जॅक श्नायडरच्या दिशेने फेकला. श्नायडरला तो गाठता आला नाही. चेंडू कुणाच्याच हाताला न लागता जमिनीवर पडला आणि नियमाप्रमाणे कॅरलच्या ताब्यात गेला. अमेरिकन फुटबॉलमधला पहिला कायदेशीर फॉरवर्ड पास म्हणून ज्याची नोंद केली जाते, तो असा फुकट गेला. थोड्या वेळाने त्याच दोघांनी पुन्हा तोच घाट घातला. या वेळी वीस यार्डांची फेक श्नायडरच्या हातात बसली, चेंडू गोल रेषेपार गेला आणि टचडाउन झाला. सेंट लुइसने सामना २२-० असा जिंकला.

या खेळाच्या समालोचनात एक वाक्य हटकून ऐकू येतं : धावणं आणि पास यांचा तोल साधला पाहिजे. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा, हा खेळाचा गाभा. सरकायचे मार्ग दोनच. चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी द्यायचा आणि त्याने माणसांच्या भिंतीतून वाट काढत पळायचं. किंवा क्वार्टरबॅकने तो लांबच्या सहकाऱ्याकडे फेकायचा. हे दोन मार्ग मला सुरुवातीला सख्खे भाऊ वाटायचे. पण त्यांच्या जन्मात बरंच अंतर आहे. धावणं हे घरातलं थोरलं अपत्य. पास घरात आला तो मुलं मरायला लागली म्हणून.

हा खेळ रग्बीच्या पोटी जन्मला. रग्बीत चेंडू मागे फेकता येतो, पुढे फेकणं हा गुन्हा. अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तेच चालत होतं. तीन संधींत फक्त पाच यार्ड मिळवायचे होते. एवढ्याशा अंतरासाठी लांबच्या, मोकळ्या बाजूने पळायची गरजच नव्हती. सगळ्यांनी एकमेकांना बिलगून एकाच जागी मुसंडी मारायची, दीड-दोन यार्ड कमवायचे, उठायचं आणि पुन्हा मुसंडी मारायची. १८९२ साली हार्वर्डने येलविरुद्ध फ्लाइंग वेज नावाची चाल काढली. खेळाडू पाचरीच्या आकारात दौडत येऊन समोरच्या एकाच माणसावर आदळायचे. पुढे तिच्यावर बंदी आली, पण तिची भावंडं खेळात राहिली. हेल्मेट घालण्याची सक्ती नव्हती. ढिगाऱ्याखाली काय चाललंय ते पंचालाही दिसत नसे.

१९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांनी मोजलेला मृतांचा आकडा अठरा-एकोणीसच्या घरात गेला. त्यात बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा थोरला मुलगा त्याच वर्षी हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता. ९ ऑक्टोबरला रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा असं बजावलं. तरी मृत्यू थांबले नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीस युनियन कॉलेजचा एक मुलगा न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना कोसळला आणि गेला. त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलगुरू हेन्री मॅक्रॅकन यांनी महाविद्यालयांची सभा बोलावली. खेळ सुधारायचा की बंद करायचा, इथपर्यंत चर्चा गेली. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांवर आज देखरेख करणारी एनसीएए ही संस्था त्या सभांतूनच उभी राहिली.

गर्दी फोडायची कशी, हा प्रश्न होता. अमेरिकन फुटबॉलचा जनक मानला जाणारा वॉल्टर कँप म्हणत होता, मैदान रुंद करा. जागा मिळाली की मुलं बाजूने पळतील. पण हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचं नवंकोरं स्टेडियम बांधलं होतं. मैदान रुंद करायचं तर त्याच्या पायऱ्या फोडाव्या लागल्या असत्या. रुंदीचा रस्ता बंद झाला तेव्हा कँपला मुळीच न आवडणारा पर्याय उरला. इतक्या मोठ्या बदलाला सुकलेल्या काँक्रीटनेही हातभार लावावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे फेकण्याची कल्पना तशी नवी नव्हती. १८९५ साली अटलांटामध्ये जॉर्जियाविरुद्ध खेळताना नॉर्थ कॅरोलायनाच्या एका खेळाडूने अडचणीत सापडल्यावर चेंडू चक्क पुढे फेकला, सहकाऱ्याने तो झेलला आणि टचडाउन केला. पंचाला ते दिसलंच नाही, असं प्रेक्षकांत बसलेला प्रशिक्षक जॉन हाइसमन सांगत असे. तेव्हापासून ही फेक कायदेशीर करा, म्हणून त्याने पिच्छा पुरवला. १९०६ साली ती झाली, आणि त्याबरोबर तीन संधींत पाचाऐवजी दहा यार्ड मिळवण्याची अट आली. नुसत्या मुसंड्यांनी दहा यार्ड भरणं कठीण होतं.

पण या नव्या पाहुण्याला उंबऱ्यातच अडवून ठेवलं होतं. कुणाचाही स्पर्श न होता चेंडू खाली पडला की तो गेला. चाल जिथून सुरू झाली त्या जागेपासून निदान पाच यार्ड बाजूनेच चेंडूने दोन संघांमधली रेषा ओलांडायची. शिवाय चेंडू तेव्हा गरगरीत, रग्बीच्या चेंडूसारखा. एका हातात मावायचा नाही. सेंट लुइसचा प्रशिक्षक एडी कोकेम्स याने संघाला उन्हाळ्यात एका तळ्याकाठी नेऊन हीच फेक घोटवून घेतली होती. बाकीचे संघ बिचकून होते. १९१२ पर्यंत एकेक अट सैल झाली, संधी तिनाच्या चार झाल्या आणि चेंडू थोडा सडसडीत झाला.

१ नोव्हेंबर १९१३ ला वेस्ट पॉइंटच्या मैदानावर नोत्र दाम विद्यापीठाने तिथल्या लष्करी अकादमीच्या संघाला, आर्मीला, ३५-१३ असं हरवलं. नोत्र दामच्या गस डोराइस आणि नूट रॉकनी या जोडीने त्या उन्हाळ्यात ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या वाळूत फेका आणि झेल यांचा सराव केला होता. लोकांना त्यांचे पास आठवतात. मला त्या सामन्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पास एकामागून एक झेलले जाऊ लागल्यावर आर्मीचे बचावपटू मागे सरकले, पांगले. मधे जागा झाली आणि रे आयकेनलॉब हा दांडगा खेळाडू त्या जागेतून चेंडू घेऊन धडधडत पुढे गेला. लांब फेकलेल्या चेंडूने पळणाऱ्याची वाट मोकळी केली. दोन मार्गांमधलं नातं तिथे उघड्यावर आलं.

व्यावसायिक लीग १९२० ची. तिच्यात पासाला खरी मोकळीक मिळाली ती एका भांडणामुळे. १८ डिसेंबर १९३२ ला शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स यांचा निर्णायक सामना कडाक्याच्या थंडीमुळे शिकागो स्टेडियमच्या छपराखाली, लहान केलेल्या मैदानावर खेळवावा लागला. चौथ्या सत्रापर्यंत दोघांच्याही खात्यात शून्य. गोल रेषा हाताच्या अंतरावर असताना चेंडू बेअर्सच्या ब्रोंको नागुर्स्कीकडे गेला. हा माणूस म्हणजे धडक. तो नेहमीसारखा पुढे झेपावला, सगळे त्याला अडवायला गोळा झाले, आणि तो थबकला, मागे सरला आणि सहकारी रेड ग्रेंजकडे चेंडू टाकला. टचडाउन. पास फेकणारा चाल सुरू होते त्या रेषेच्या मागे निदान पाच यार्ड असला पाहिजे, असा तेव्हाचा नियम होता. नागुर्स्की तेवढा मागे नव्हता, असा पोर्ट्समथने आरडाओरडा केला. निकाल बदलला नाही. बेअर्स ९-० ने जिंकले. १९३३ मध्ये लीगने नियमच बदलला : रेषेच्या मागे कुठूनही फेका.

धावतोय असं भासवून पास टाकायचा, अशा चकव्याला आपल्याकडे कबड्डीत हूल देणं म्हणतात. नागुर्स्कीने जे केलं त्याच जातीच्या चालीला आज प्ले-अ‍ॅक्शन हे नाव आहे. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकला दिल्यासारखं करतो, बॅक रिकामे हात पोटाशी दुमडून वाकून पळतो, आणि बचाव करणारा मधला खेळाडू, लाइनबॅकर, एक पाऊल पुढे टाकतो. त्या एका पावलाच्या मागची जागा रिकामी होते. फेक तिथेच जाते. तोल म्हणतात त्याचं माप मी त्या एका पावलात पाहतो. पन्नास धावा आणि पन्नास पास अशी वाटणी कागदावर छान दिसते, पण लाइनबॅकर जागचा हलत नसेल तर तिचा उपयोग शून्य.

याची उलटी बाजूही अपघातानेच सापडली. क्लीव्हलँड ब्राउन्सचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम पास द्यायला मागे गेला, त्याचं रक्षण करणारी फळी कोसळली, समोरचे अंगावर आले. त्याने घाईत चेंडू शेजारच्या मॅरियन मोटलीच्या हातात कोंबला. ग्रॅहमला पकडायला धावलेले सगळे मोटलीला ओलांडून पुढे गेले होते. त्याच्यापुढे मोकळं रान. प्रशिक्षक पॉल ब्राउनने त्या फसलेल्या चालीची रीतसर चाल केली, तीच ड्रॉ.

१९७० च्या दशकात पारडं पुन्हा धावण्याकडे झुकलं. जानेवारी १९७४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, मायामीचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी याने अख्ख्या सामन्यात फक्त सात पास टाकले आणि मायामी २४-७ ने जिंकली. १९७७ मध्ये एका संघाचे सामन्यामागे सरासरी १७.२ गुण होत होते. पुढच्याच वर्षी लीगने ठरवलं, झेलायला पळणाऱ्याला पाच यार्डांपलीकडे धक्का द्यायचा नाही. क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पसरून, पंजे उघडून समोरच्याला थोपवण्याची मुभा मिळाली. प्रशिक्षक बिल वॉल्शने याच काळात आखूड पासांची घराणेदार शैली पुढे नेली. ती शैली सिनसिनाटीत, त्याच पॉल ब्राउनच्या हाताखाली, पदरी धावायचं बळही कमी आणि लांब फेकणारा हातही नाही, अशा गरजेतून निघाली होती. चार यार्ड धावून मिळत नसतील तर चार यार्डांचा पास टाका, हा तिचा सरळ हिशोब. आज व्यावसायिक लीगमध्ये निम्म्याहून जास्त चाली पासाच्या असतात.

१ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल. आपल्याकडे सोमवार सकाळचे साडेआठ वाजत आले होते, हातातला चहा गार झाला होता. न्यू इंग्लंड २८, सिअ‍ॅटल २४. २६ सेकंद बाकी, चेंडू सिअ‍ॅटलचा, दुसरी संधी, गोल रेषा एक यार्डावर. मार्शॉन लिंच सिअ‍ॅटलकडे होता, लीगमधला पकडायला सर्वांत अवघड माणूस. आधीच्या चालीत त्यानेच चार यार्ड ओढून आणले होते. पास टाकण्यात तर्क होता. सिअ‍ॅटलकडे एकच टाइमआउट उरला होता, आणि पास खाली पडला तर घड्याळ आपोआप थांबतं. तीन प्रयत्न मिळाले असते. १९०६ मध्ये पडलेला पास चेंडू घालवायचा, आता तोच वेळ वाचवतो. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने रिकार्डो लॉकेटकडे फेकलं. न्यू इंग्लंडचा मॅल्कम बटलर हा नवखा, ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेला कॉर्नरबॅक मधे घुसला आणि चेंडू छातीशी धरून पडला.

सरावात हीच चाल बटलरवर चालवली होती तेव्हा तो एक पाऊल उशिरा पोहोचला होता. या वेळी लिंच विल्सनच्या शेजारी उभा असूनही बटलरची पावलं आधी पासाकडेच गेली.