हाक्याची शिकार
रानाच्या एका अंगाने ढोल, डबे आणि आरोळ्यांच्या गजरात जनावरे उठवायची व दुसरीकडे दबा धरलेल्या बंदूकधाऱ्यांच्या पुढ्यात ती लोटायची, या सामूहिक शिकारीला 'हाका' म्हणतात. शिनोलीवरून भीमाशंकरकडे चढत जाणाऱ्या रानात सांबर, भेकर, पिसोरी यांचा वावर आहे. त्यातील काही भाग १९८५ पासून अभयारण्य आहे.

हाक्यातील पहिला धोका हाकाऱ्यांनाच. दाट झाडीत पलीकडचा माणूस दिसत नाही आणि हललेल्या पानावर गोळी सुटते. पालघर जिल्ह्यातील बोरशेतीच्या जंगलात जानेवारी २०२५ मध्ये रानडुक्कर समजून झाडलेल्या गोळीने शिकारी टोळीतीलच एकाचा बळी गेला. धावत्या कळपात गाभण मादी ओळखू येत नाही. जखमी सांबर तर दूर जाऊन तडफडत मरते. याला मर्दुमकी म्हणणे कठीणच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच जनावर हाकणे समाविष्ट केले आहे. पूर्वी काही प्राण्यांसाठी परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. अभयारण्यातील शिकारीस ३ ते ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड आहे. हाती बंदूक नसलेला, नुसता डबा वाजविणाराही त्यातून सुटत नाही.